गिझर बंद, दुकान चालू

आमच्या गल्लीत कुणाचाही गिझर बिघडला की लोक आमच्या दारात यायचे. आमचाच बिघडला तेव्हा मी कुणाच्या दारात जावं, हे मला कळेना. ऐन थंडीचे दिवस, घरात लकव्यानं पडलेला माणूस, आणि नळाला बर्फासारखं पाणी. त्या दिवसांचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हे मोटारी भरायचे. म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांच्यात नवी तांब्याची तार भरायची. माजलगावात बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक लाकडी बाक आणि काळ्या तेलानं माखलेली फरशी. दिंद्रुडकडचे लोक मोटार टेम्पोत घालून आणायचे. उसाला पाणी द्यायचं असायचं, पाळी निघून चाललेली असायची, सगळे एकदमच बोलायचे. हे कुणाचंच ऐकायचे नाहीत. "गप बस बे, मोटार काय म्हणती ते ऐकू दे," असं म्हणून मोटारीला कान लावायचे. इतक्या मायेनं माझं कधी ऐकलं नाही, असं मी म्हणायचे. त्यावर नुसते हसायचे.

दसरा झाल्यावर एका सकाळी दुकानातच यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा धरून धरून चालता येत होतं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. आणि तोंडात एकच शब्द उरला, 'हां'. भूक लागली तरी हां, पोट भरलं तरी हां. राग आला की तोच 'हां' वरच्या पट्टीत यायचा, एवढाच काय तो फरक.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "काकू, रोज सकाळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. पाणी निवलं की बदलायचं. मूठ सैल पडली की एकेक बोट उघडायचं. खाडा करू नका. बोटं एकदा आखडून बसली तर पुन्हा उघडणं लई अवघड हाय." बाकी त्या काय काय बोलल्या ते मी विसरले, हे तेवढं विसरले नाही.

रोज न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर यांना बसवायचं, पुढ्यात बादली ठेवायची आणि मूठ पाण्यात सोडायची. पहिली बादली निवेपर्यंत काही व्हायचं नाही. दुसरीत अंगठा हलायचा. मग हळूहळू बोटं सुटायची, आणि सुटली की हे पाण्यातल्या पाण्यात त्या बोटांनी तार गुंडाळल्यासारखं करायचे. तेव्हा यांचा चेहरा बघावा! हात बरा होणार आणि आपण पुन्हा बाकावर बसणार, हे यांनी मनात पक्कं धरलेलं. मीही तेच धरलं होतं. दुसरं होतं तरी काय धरायला?

दुकानाची किल्ली यांच्या खाटेजवळच्या खिळ्याला असायची. रोज सकाळी यांच्या देखत ती काढून मी दुकानात जायचे. शटर वर करायचे, बाकावरची धूळ फडक्यानं झटकायचे, उदबत्ती लावायचे, आणि उदबत्ती विझली की शटर ओढून परत यायचे. किल्ली पुन्हा खिळ्याला. दुकान चालू आहे, हे यांना दिसलं पाहिजे आणि रस्त्यालाही दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी हा खटाटोप. लोक मला वेडी म्हणत असतील. म्हणेनात का.

आमचा गिझर यांनीच जुळवलेला. टाकी भंगारातली, झाकण तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, आणि पाणी तापलं की आपोआप बंद व्हायची सोय यांनीच काढून टाकलेली. "यंत्राला कळतं तर मला कावून न्हाई कळणार?" असं यांचं म्हणणं. न्हाणीच्या बाहेर बटन आणि लाल दिवा बसवलेला. आत पाणी तापताना सूं सूं आवाज यायचा, तो आवाज बदलला की हे जिथं असतील तिथून ओरडायचे, "झालं, बंद कर." आमच्या बोअरचं पाणी जड. कॉईलवर पांढरा थर बसतो. म्हणून दरसाल दिवाळीच्या आधी हे गिझर खाली उतरवून कॉईल खरवडायचे, आणि नरकचतुर्दशीला पहाटे शेजारणी आमच्याकडं कढत पाण्याला बादल्या घेऊन यायच्या.

या दिवाळीला गिझर कोण उतरवणार?

आधी बादलीत पांढऱ्या पापड्या यायला लागल्या. मग पाणी तापायला वेळ लागायला लागला. मग बटन दाबलं की मीटरजवळचा खटका पडायचा आणि घरभर अंधार. मी खटका वर करायचे, तो पुन्हा पडायचा. एका सकाळी मात्र तो पडलाच नाही. लाल दिवा शांतपणे लागून राहिला. मला इतका आनंद झाला की मी देवापुढं साखर ठेवली. थोड्या वेळानं नळ सोडला तर पाणी गार. कॉईल तुटली होती. आता खटका पडायला कारणच उरलं नव्हतं. यांच्यासोबत संसार करून एवढं तर मला कळत होतंच. साखर मात्र देवानं फुकटात खाल्ली.

लेक पुण्याला असते. फोनवर म्हणाली, "आई, मी आत्ता नवा मागवते. घरपोच येईल, बसवायला माणूसपण येईल."

"नको."

"कावून नको? तू वेडी झालीस का?"

"तुझे पप्पा बघत्याल ना."

"बघू दे की! गरम पाणी तर मिळंल त्यान्ला."

तिला कसं सांगावं? मोटारवाल्या मिस्त्र्यांच्यात आमच्याकडं एक रीत आहे. एका मिस्त्रीच्या घरात दुसरा मिस्त्री हत्यार घेऊन शिरत नाही. चहाला येईल, पोरीच्या लग्नात पंगत वाढील, पण पाना-पक्कड उंबऱ्याच्या बाहेर. दुकान चालू असलेल्या माणसाच्या घरचं काम दुसऱ्यानं करणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणं की बाबा, तुझे हात गेले. दुकान मोडून त्यानं किल्ली दुसऱ्याला दिली, की मग ही रीत सुटते. आता मी कंपनीचा शर्ट घातलेला कुणी परका आणून यांच्या देखत यांचा गिझर भिंतीवरनं काढायला लावला असता, तर यांच्या मनाचं काय झालं असतं? यांनी त्या दिवसापासून बोटं हलवायचीच सोडली असती. नवा गिझर आणला तरी मन मोडणार, न आणला तर मूठ आखडणार. मी मधल्या मध्ये अडकले होते, आणि हे लेकीला फोनवर समजावण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

मग मी नाटक सुरू केलं. यांना उठवायच्या आधी गॅसवर मोठं पातेलं तापवून बादली भरून ठेवायची. यांना दिसावा म्हणून लाल दिवा लावायचा. सूं सूं आवाज यायचा नाही, म्हणून मोबाइलवर भजनं लावायची, तीही इतक्या मोठ्यानं की शेजारीण विचारायला आली, घरात कसला सप्ताह बसवलाय का. पहिली बादली निवली की नळ जरासा सोडून ठेवायचा, म्हणजे पाण्याचा आवाज होईल, आणि न्हाणीच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरातनं दुसरं पातेलं आणायचं. मागचं दार यांच्या पाठीशी असायचं. 

असं करताना सिलिंडर कधी संपायला आला ते कळलंच नाही. एक दिवस पाणी कोमट असतानाच निळी ज्योत फडफडली आणि गेली. दुसरं सिलिंडर लागलीच मिळेना. मग अंगणात तीन विटा मांडल्या, शेजारच्यांच्या पऱ्हाट्या मागून आणल्या आणि चूल पेटवली. वाळलेली कपाशी भडकते लवकर आणि विझतेही लवकर. चुलीपुढनं हलता येत नाही. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि पाण्याला धुराचा वास. पहिल्याच दिवशी यांनी बादलीवर वाकून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"कारखाना चालू झालाय न्हवं," मी म्हणाले, "त्याची काजळी पडती टाकीत."

ते खोटं नव्हतं. गाळप सुरू झालं की आमच्याकडं काळी काजळी उडत येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पांढरी चादर त्या दिवसांत मी बाहेर घालतच नाही. पण टाकीत काजळी पडली म्हणून पाण्याला चुलीचा वास येत नाही, हे मोटारीला कान लावून तिचा आजार सांगणाऱ्या माणसाला कळलं नसेल का? "हां," म्हणाले. मी भजनाचा आवाज वाढवला.

धीर सुटला तेव्हा मी यांच्या दुकानाशेजारच्या मिस्त्रींकडं गेले. तेही मोटारीच भरतात. मुसलमान आहेत, यांच्याच वयाचे. दोघांनी जन्मभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, एकमेकांना शिव्या दिल्या, आणि एकाच कपातला चहा बशीत अर्धा अर्धा करून पिला. मी शटर वर केलं की ते रोज तिकडनं हात वर करायचे. त्या दिवशी मी त्यांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"भाभी, दुसरं काय बी सांगा," ते म्हणाले. "रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं असंल तर बोलवा. पर उस्तादाच्या घरात पाना घेऊन? न्हाई व्हायचं माझ्यानं."

"अहो, गरम पाण्यावाचून त्यान्चा हात जाईल!"

"आन् मी पाना घेऊन आलो तर जीव जाईल त्याचा. त्याचं दुकान चालू हाय भाभी. तुमीच रोज शटर उघडताव. मी डोळ्यानं बघतो."

माझंच शटर माझ्या डोक्यात घातलं होतं त्यांनी. मग हळूच म्हणाले, "गिझर कुणी इथं आणून दिला तर त्याच्याच बाकावर बसून मी करून देतो. त्याच्या बाकावर बसलं तर त्याचंच काम झालं." पण भिंतीवरनं तो काढायचा कुणी? त्याला पाना लागतो, आणि पाना घेऊन माझ्या घरात शिरायला बाजारातला एकही मिस्त्री तयार नव्हता. सगळ्यांचं यांच्यावर फार प्रेम. त्या प्रेमाला काडी लावावी असं मला वाटलं. दुकानात जाऊन मी यांच्या बाकाखाली बसून रडले, मग यांचाच पाना पदराखाली घेऊन घरी आले आणि धान्याच्या डब्यामागं लपवला.

दुसऱ्या दिवशी चुलीवरनं पातेलं उतरवताना फडकं निसटलं आणि कढत पाणी माझ्या डाव्या पायावर आलं. ओरडले असते तर यांना कळलं असतं, म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला. पातेल्यात उरलं तेवढंच पाणी बादलीत नेऊन ओतलं. ते कोमटच होतं. यांची मूठ पाण्यात धरून मी बसले. अंगठा हलला नाही. मी बोटांत बोट घालून उघडायला गेले तर यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी बोट सुटेना. मोबाइलवर भजन आपलं चालूच. मी उठून ते बंद केलं. न्हाणीत अगदी शांत झालं. बाहेर लाल दिवा लागलेला, आणि भिंतीवरच्या टाकीतनं काही म्हणजे काही आवाज नाही. आम्ही दोघं त्या टाकीकडं बघत बसलो. त्या दिवशी मूठ उघडली नाही.

यांना खाटेवर नेऊन निजवलं आणि मी न्हाणीत परत आले. मेन बंद केला, पाण्याचा कॉक फिरवला. साडीचा काचा मारला, स्टुलावर चढले आणि पाना नटाला लावला. नट हलेना. मी सगळा जोर लावला. पाना सटकून पत्र्यावर आपटला, ठणकन आवाज झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी त्या गिझरला, त्या रितीला, त्या मिस्त्रीला आणि देवालाही तोंडाला येईल ते बोलले.

बाहेरनं लोखंडी खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. "हां! हां! हां!"

मी पाना हातात घेऊन तशीच धावत गेले. हे डाव्या हातावर रेलून उठून बसले होते. आधी पान्याकडं बघितलं. आपल्या घरात पान्याचा आवाज, आणि आपण खाटेवर, हे यांना काय वाटलं असेल! मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. "मी फकस्त पुसत होते," मी म्हणाले. यांची नजर खाली गेली. काचा मारल्यामुळं माझा पाय उघडा पडला होता. घोट्यापासून बोटांपर्यंत फोड आलेले.

यांनी ते फोड बघितले. मग डावा हात पुढं केला. पाना मागतात असं वाटून मी तो दिला, तर तो उशाशी ठेवून दिला. पुन्हा हात पुढं, खिळ्याकडं. मी किल्ली काढून दिली. मग यांनी हनुवटीवरनं हात फिरवला. शेजारच्या मिस्त्रींच्या दाढीची नक्कल करून त्यांची टिंगल करायची, ती यांची जुनी खूण. त्यांना बोलव, असं म्हणत होते. हे आपणहून त्यांना बोलवतात म्हटल्यावर मला बरंच वाटलं, दोस्ताला भेटायचं असेल. मी फोन केला.

मिस्त्री आले ते रिकाम्या हातानं. उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि खाटेपाशी येऊन उभे राहिले. यांनी किल्ली त्यांच्यापुढं धरली.

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "न्हाई उस्ताद. हे न्हाई व्हायचं. मी न्हाई घेणार."

"हां," हे म्हणाले.

"न्हाई म्हणतो ना! तू बरा हो. तुझा बाक हाय तसा हाय. मी बसू देत न्हाई कुणाला."

"हां!" यांनी ती किल्ली धरलेल्या हातानंच माझ्या पायाकडं दाखवलं. मग न्हाणीकडं. मग पुन्हा किल्ली पुढं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मध्ये पडले, किल्ली धरायला गेले. म्हणाले, "अहो, ठेवा ती. पाय काय, दोन दिसांत बरा होईल. मला काय धाड भरलीय?" यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. आजारी पडल्यापासून यांच्या अंगात इतका जोर मी बघितला नव्हता. मिस्त्रींनी माझ्या पायाकडं एकदा नीट बघितलं आणि किल्ली घेतली. खिशात टाकली नाही, मुठीत धरली. जाताना दारात धडकले, कारण पुढचं दिसत नव्हतं त्यांना.

ते परत आले तेव्हा खांद्याला हत्यारांची पिशवी होती. उंबऱ्यावर थांबले आणि आतल्या खाटेकडं बघून विचारलं, "येऊ का उस्ताद?"

"हां."

मग काय, गिझर उतरला. कॉईल बाहेर काढली तर तिच्यावर चुन्याच्या खड्यासारखे थर. मिस्त्री ती यांना दाखवायला घेऊन आले. यांनी बघून फक्त मान हलवली. नवी कॉईल बसली, गिझर वर चढला, लाल दिवा लागला, आणि सूं सूं आवाज सुरू झाला. मला तो आवाज ऐकवेना. मी अंगणात जाऊन चुलीच्या विटा लाथेनं उडवल्या आणि भाजलेलाच पाय पुन्हा दुखावून घेतला. मला राग आला होता, अजूनही येतो. धूर खाल्ला, खोटं बोलले, पाय भाजून घेतला, ते यांनी उठून दुकानात बसावं म्हणून. आणि यांनी ते दुकान माझ्या फोडांपायी देऊन टाकलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत यांना खुर्चीवर बसवलं. पाणी असं कढत की गार मिसळावं लागलं. पहिल्याच बादलीत अंगठा हलला. दुसरीत एकेक करून बोटं सुटली. मी म्हणाले, "तार गुंडाळा की." यांनी बोटं हलवली नाहीत. हात नुसता पाण्यात पसरून ठेवला.

मग डाव्या हातानं शेजारचा गार पाण्याचा नळ सोडला, तांब्या भरला, आणि माझा पाय पुढं घे म्हणून मानेनं खुणावलं. मी घेईना. यांनी तांब्या तसाच धरून ठेवला, पाणी हिंदकळून सांडायला लागलं, तेव्हा मी पाय पुढं केला. यांनी गार पाणी हळूहळू माझ्या फोडांवर ओतलं. तांब्या संपला की पुन्हा भरला.

"अहो, पुरे," मी म्हणाले.

"हां," हे म्हणाले, आणि ओतत राहिले.